पाडाव

"पाडाव म्हणजे काय गं?" सरांनी विचारलं आणि बोट माझ्याकडे केलं.

बोईसरला एका दुकानाच्या माळ्यावर आमची रविवारची प्रार्थनासभा भरते. माझ्या हातात बायबल उघडं होतं. स्तोत्रात होतं, देवाच्या लोकांना पाडाव करून बाबेलला नेलं. मी उभी राहिले. म्हणाले, "पाड्यावरची माणसं, सर. पाड्यावरून उचलून नेलेली."

सगळे हसले. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सर तर टेबलावर हात मारून हसले. "अगं, पाडाव म्हणजे कैद! बारावी झालीस ना? यांना जिकडेतिकडे पाडाच दिसतो."

मी खाली बसले. कान तापले होते. सर म्हणजे कंपनीतले मोठे साहेब; रविवारी प्रार्थनाही तेच घेतात. तारापूरच्या कारखान्यात पॅकिंगला मला त्यांनीच लावलं. माझ्या पगारावर घर चालतं. त्यांच्यापुढे मान वर करायची नाही, असं आईने बजावलं होतं.

प्रार्थना संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "नाताळला मुंबईचे पाहुणे येणार आहेत. तुमचा तारपा नाच ठेवू. तुझे बाबा वाजवतात ना? तुम्ही मुली ती आखूड लुगडी नेसून या. आणि गाणं जरा आनंदाचं हवं, हं."

मी मान डोलावणारच होते. सवय. तेवढ्यात बोट घालून ठेवलेलं पान उघडलं. पुढच्या ओळी कोणी वाचल्याच नव्हत्या. त्या लोकांनी आपली वाद्यं झाडांना टांगून ठेवली होती. आणि ज्यांनी त्यांना पाडाव करून नेलं, तेच म्हणत होते, तुमचं एखादं गाणं म्हणा. आनंदाचं.

माझ्या अंगावर काटा आला.

आमच्या घरात पत्र्याखालच्या पाइपला बाबांचा फुंकून वाजवायचा भोपळ्याचा तारपा टांगलेला आहे. आमचा पाडा धरणात गेला आणि आम्हाला मनोरच्या अलीकडे सिमेंटच्या खोल्यांत आणून टाकलं, त्या वर्षापासून. मला वाटायचं, बाबा ख्रिस्ती झाले म्हणून वाजवायला लाजतात. एकदा विचारलं, तर म्हणाले, "नवा भात आला का तारपा वाजवायचा. आता शेत नाय, भात नाय. रेशनच्या तांदळावर वाजवू काय?" मी तेव्हा हसले होते. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

"आमी नाय नाचणार, सर."

"काय?"

"आमी नाय नाचणार. बाबा पण नाय वाजवणार."

प्रमाण भाषेत बोलायचं सुचलंच नाही. बरं झालं.

सर हळू आवाजात म्हणाले, "नोकरी कोणी लावली, विसरू नकोस."

"नाय विसरले. तुमच्या कॉलनीच्या नळाला आमच्या पाड्याचा पाणी येते, ते पण नाय विसरले."

मी बायबल मिटलं आणि जिना उतरले. उद्या गेटवर माझं कार्ड चालेल की नाही, ठाऊक नाही. नाही चाललं तर दुसऱ्या कंपनीच्या गेटवर उभी राहीन.

पण पुढच्या रविवारी मी त्या माळ्यावर जाणार. पुढच्या रांगेत बसणार. पाडाव म्हणजे काय, असं पुन्हा विचारलं तर तेच उत्तर देणार. ते बरोबरच होतं.

तारपा पाइपलाच राहील. आमच्या नावाची जमीन मिळेल, तिच्यात भात पिकेल, त्या दिवशी बाबा तो स्वतः खाली काढतील. त्याआधी कोणाच्याही पाहुण्यांसाठी नाही.