मिरचीचा लेप

संशोधनासाठी हैदराबादला निघाले तेव्हा लांज्याच्या स्टँडवर बाबा म्हणाले होते, "काय शिकशील ते आमाला पण समजंल असं सांग हां." घरातली मी पहिली पदवीधर. ते वाक्य मी फार मनावर घेतलं.

गेल्या वर्षी गावानं माझा सत्कार केला. माईकवर मी सांगितलं, "मिरचीला तिखट करणारा घटक कॅन्सरच्या पेशींना शांत करतो." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत काकी होती. तिनंच मला बोट धरून शाळेत घातलं होतं.

खरं काम इतकं सोपं नाही. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींत दाह पेटवणारा संदेश सतत चालू असतो. आमच्या लॅबमधल्या पेशींच्या बशीत कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला तोच तिखट घटक, घातला की काही पेशींत तो मंदावतो. मात्रा बदलली, पेशी बदलल्या, की कधी काहीच होत नाही, कधी उलटंच होतं. तोच प्रयोग मी आठवडेच्या आठवडे पुन्हा लावते आणि वैतागते. शिवाय बशी म्हणजे माणूस नव्हे. हे सगळं त्या दिवशी मी गाळलं.

यंदा काकीच्या गालाच्या आत जखम झाली. जन्मभर मिशेरी लावलेली. गावाकडच्या डॉक्टरांना कॅन्सरची शंका आली, त्यांनी मुंबईला तपासायला जा म्हटलं, पण ती गेली नाही. दोन महिने मिरची वाटून जखमेवर लावत राहिली. आईकडून कळल्यावर मी काकीला फोन करून ओरडले.

"ओरडतंस कशाला? झोंबतंय म्हंजे लागू पडतंय!"

"काकी, ते औषध नाही गो!"

"मग माईकवर खोटं बोललंस?"

त्या दिवशी गाळलेलं सगळं मी फोनवर सांगायला लागले. शेवटी ती म्हणाली, "तू येशील तर जाईन." प्रयोग अर्धवट टाकून मी निघाले.

मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टर जखम बघून चिडले. "हे कुणी सांगितलं लावायला?" मी बोलणार, तोच काकीनं माझा हात घट्ट दाबला.

"कोनी नाय सायबा. माज्याच डोक्यातलं खूळ."

तिचे उपचार चालू आहेत. गेलेले दोन महिने मात्र गेलेच. मी परत बशीपुढे बसले आहे. गावाकडचे विचारतात, घरची आठवण येते का? येते. तुम्हा वाचणाऱ्यांपैकी जे गाव सोडून बाहेर पडलेत त्यांना कळेल, आठवणीबरोबर रागही येतो. माझी चूक मला माझी म्हणूसुद्धा देत नाहीत, अशी माणसं माझं घर आहेत.