एका ऱ्हस्व अक्षरासाठी मुकुटबनला

मुकुटबनला जायचं ठरलं ते एका पोस्टकार्डामुळे. मी नागपुरात संगणकशास्त्र शिकवते आणि इंटरनेटवरच्या पत्त्यांत देवनागरीतली कोणती अक्षरं चालावीत, हे ठरवणाऱ्या एका समितीवर आहे. आमच्या मसुद्यात 'ऎ', म्हणजे आखूड ए, हे अक्षर वगळलं होतं. त्याचं कारण मीच लिहिलं होतं: 'वापराचा पुरावा नाही.' हरकती ईमेलने मागवल्या होत्या. ही एकच टपालाने आली: 'आमी रोज वापरतो. येऊन पाहा. आत्राम गुरुजी.'

नागपूरहून वणीपर्यंत एसटीने साडेतीन तास लागले. बायकांना तिकीट अर्धंच पडतं. मुक्काम वणीतच करा, पुढे लॉज मिळेलच असं नाही. स्टँडवर तर्रीपोहे खाऊन सकाळची मुकुटबनची बस धरली. कोळशाचे ट्रक आडवे येत असल्याने खिडकी बंदच ठेवावी लागली. ट्रक मागे पडल्यावर मात्र दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चाललेली दिसली.

निवृत्त शिक्षक असलेले आत्राम गुरुजी मोटरसायकल घेऊन स्टँडवर उभेच होते. तिथून झरीच्या बाजूला, जंगलाला लागून त्यांचं कोलाम पोड आहे, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. मोबाइलची रेंज वाटेतच गेली.

पोडावर बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बायकांचा गट आहे. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर गेरूने नाव रंगवलेलं होतं: ऎल्ला. मी ते मोठ्याने वाचलं आणि विणणाऱ्या सगळ्याजणी हसायला लागल्या.

"असं लांबवू नका," गटाच्या प्रमुख लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुटक म्हना. ऎल्ला म्हंजे घर. तुमी म्हनलं त्याले काई अर्थच नाही."

गुरुजींनी हाताने लिहिलेली अंकलिपी पुढे केली. कोलामी भाषेत आखूड ए वेगळा आणि लांब ए वेगळा. पोडावरची लेकरं हीच वाचून शिकली होती. गटाला टोपल्या विकायला संकेतस्थळ काढायचं होतं आणि त्याच्या पत्त्यात हेच नाव हवं होतं.

मी अडचण सांगितली. हे अक्षर ए सारखं दिसतं. उद्या एखाद्या बँकेच्या नावात कुणी ते घुसवलं, तर खोटा पत्ता खऱ्यासारखा दिसेल आणि लोक फसतील.

लक्ष्मीबाईंच्या हातातली कामटी थांबली. "बँकेच्या नावात कोन घुसवून राह्यलं? आमी?"

"नाही. चोर."

"मंग चोराले धरा न. आमचं घर कायले मोडता?"

 खरं तर उपाय आम्हाला माहीत होता. सारखे दिसणारे दोन पत्ते असतील तर एक ज्याला दिला, त्याच्याशिवाय इतर कुणालाच दुसरा द्यायचा नाही. त्याचे नियम लिहिणं किचकट, म्हणून आम्ही अक्षरच काढून टाकलं होतं. 'पुरावा नाही' लिहिण्याआधी मी शोध घेतला होता तो इंटरनेटवर, म्हणजे जिथे या माणसांना अजून यायचंच होतं तिथे.

दुपारी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. भिंतीचे, अंकलिपीचे फोटो घेतले. परतताना कळंबला चिंतामणीचं दर्शन घ्यायचं मनात होतं, पण वाट वाकडी पडली असती. रात्रीपर्यंत घरी पोचले.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी माझंच कारण चुकीचं होतं असं सांगितलं आणि नवे नियम लिहून पुढे ठेवले. "एवढ्याशा लोकांसाठी एवढं काम?" असं एकाने विचारलं. वाद बराच वेळ चालला. दोघांनी विरोध नोंदवला, पण अक्षर यादीत आलं.

गुरुजींना लगेच फोन केला. ते मुकुटबनच्या बाजारात होते, म्हणून फोन लागला. सोबत लक्ष्मीबाईही होत्या, त्यांनी फोन घेतला. मी आनंदाने सांगितलं, "तुमचं अक्षर मंजूर झालं!"

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पन मॅडम, अक्षर आमचंच होतं न? मंग मंजूर कोनी कराचं होतं?"

समितीवर मी अजून आहे. आता 'पुरावा नाही' लिहिण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघते.