पान सत्तावीसला मिटलं

भुतेकाकांचं आडनाव भुते नव्हतं. ते गल्लेवाल्याने ठेवलेलं नाव. पुस्तकांच्या दुकानात शिरलं की उजव्या भिंतीला जे टेबल लागायचं, ‘नव्या भयकथा’ अशी पाटी मिरवणारं, ते एकवीस वर्षं काकांच्या ताब्यात होतं. एकवीस वर्षं भुतांच्या टेबलाशी उभा राहिलेला माणूस भुते नाही तर काय पाटील होणार, असं गल्लेवाल्याचं म्हणणं. नाव इतकं चिकटलं की एकदा दातांच्या डॉक्टरकडेही काकांनी तेच सांगितलं आणि आत हाक आली तेव्हा दचकले.

दचकणं हा त्यांचा मूळ धंदा. पुस्तकं विकणं नंतरचं.

कारण खरी गोष्ट अशी की भुतेकाका भित्रे होते. बाथरूमचा पडदा आधी छत्रीच्या टोकाने बाजूला सारून मग आत जाणारे. दाराच्या खुंटीला टांगलेल्या स्वतःच्याच शर्टाला “कोण आहे?” असं विचारणारे, आणि शर्टाने उत्तर दिलं नाही म्हणून जास्तच घाबरणारे. शर्ट बोलला असता तर काय केलं असतं, हा प्रश्न बायकोने विचारल्यावर त्यांनी ताबडतोब शर्ट घालणं बंद केलं होतं. तो शर्ट. बाकीचे घालायचे.

मग हे टेबल त्यांच्या गळ्यात पडलं कसं? तर मोठे मालक होते तेव्हा त्यांनी एकदा सगळ्यांना उभं करून विचारलं, “भुताखेताची भीती कुणाला वाटत नाही?” तेवढ्यात काका वरच्या फळीवरचा शब्दकोश काढत होते. हात वर होता. मालक म्हणाले, “शाब्बास!” शब्दकोश जड होता, हात लवकर खाली आला नाही. माणसाचं आयुष्य कशाकशाने ठरतं बघा. काकांचं ‘क्ष’ ते ‘ज्ञ’ने ठरलं.

तेव्हापासून नवी भयकथा आली की तिच्यासमोर लाकडी खाचेत एक कार्ड उभं करायचं, हे काकांचं काम. कार्डाच्या पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकाकडे तोंड करून, काकांच्या सुवाच्य अक्षरात शिफारस. शिफारशी चारच होत्या: अंगावर काटा आणणारी, हाडं गोठवणारी, झोप उडवणारी आणि ‘दुबळ्या मनाच्या वाचकांनी दूर राहावे’. त्या पाळीपाळीने फिरायच्या. चौथी लिहिताना काका मनातल्या मनात दोन पावलं मागे सरायचे.

वाचायचे मात्र. अगदीच फसवणूक नको म्हणून. दुपारी दीड वाजता, खिडकीच्या उन्हात, एक पाय दाराबाहेर ठेवून. आणि जिथे धीर सुटेल तिथे पुस्तक मिटायचे आणि कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने पान क्रमांक आणि कारण टिपून ठेवायचे. पुन्हा कधी ते पुस्तक चाळायची वेळ आली तर चुकून त्या पानापलीकडे जायला नको, एवढ्यासाठी. रस्त्यावरच्या खड्ड्याभोवती दगड मांडतात तसं.

तर सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सोमवारी मालकीणबाईंनी बोलावलं. बाई म्हणजे मोठ्या मालकांची मुलगी. लहानपणी गल्ल्यावर बसून पाय हलवायची. आता पाय जमिनीला टेकले होते आणि प्रत्येक वाक्याला ‘कळलं?’चं शेपूट आलं होतं.

“काका, मी स्पष्ट बोलते. कळलं? तुमचं टेबल थंड आहे. कळलं?”

“भयकथांचं टेबल थंडच बरं, बाई,” काका म्हणाले आणि स्वतःच हसले. एकटेच.

“या महिन्याची पाच नवी पुस्तकं आहेत. प्रत्येकाच्या आठ प्रती. शनिवारपर्यंत टेबल रिकामं दिसलं पाहिजे. नाहीतर तिथे मी रंगवायच्या वह्या मांडणार. आणि तुम्ही तळघरात. पॅकिंगवाले गावी चाललेत कायमचे, तिथे माणूस हवाय. बाकी कुणी एकटं बसायला तयार नाही. पण आपल्याकडे तुमच्याइतकं निडर दुसरं आहे कोण? कळलं?”

कळलं.

तळघराला चौदा पायऱ्या होत्या आणि दिव्याचं बटण खाली, शेवटच्या पायरीपाशी. म्हणजे आधी अंधारात उतरायचं आणि मग उजेड करायचा. ज्याने ते बटण तिथे बसवलं तो माणूस काकांच्या मते माणूस नसावाच. वर ती ट्यूबलाइट. ती लागायच्या आधी तीनदा डोळे मिचकावायची आणि दर मिचकावणीला कागदाचे गठ्ठे एकेक पाऊल पुढे आल्यासारखे वाटायचे. एकवीस वर्षांत काका तळघरात चारदा गेले होते. चारही वेळा पाठीमागे सरकत वर आले होते.

घरी बायकोला सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “अहो, मग सांगून टाका ना, मला भीती वाटते म्हणून.”

“एकवीस वर्षांनी? लोक काय म्हणतील?”

“मग बसा तळघरात. डबा देईन. चमचे दोन देऊ का?”

“दोन कशाला?”

“कुणी जेवायला थांबलं तर?”

त्या रात्री काका बाथरूमला गेलेच नाहीत.

मंगळवारी दोन प्रती खपल्या. बुधवारी एक, तीही परत आली. गुरुवारी सकाळी बाईंनी फर्मान काढलं: टेबल भिंतीपासून हलवा, दाराच्या समोर आणा, आत येणाऱ्याच्या नजरेत भरलं पाहिजे. कळलं?

गल्लेवाला म्हणाला, “आधी सगळी पुस्तकं उतरवू, मग टेबल हलवू, मग पुन्हा मांडू.”

“छे!” काका म्हणाले. “डोकं चालव जरा. एक टोक तू धर, एक मी. आहे तस्सं उचलायचं.”

उचललं, आहे तस्सं नेलं, ठेवलं. एक पुस्तक घसरलं नाही, एक कार्ड पडलं नाही. काका टेबलाच्या मागे स्टुलावर बसले आणि त्यांनी स्वतःची पाठ थोपटली. पाठच थोपटायची वेळ होती, कारण कार्डांचीही पाठच गिऱ्हाइकांकडे झाली होती. पण स्टुलावरून काकांना आपली सुवाच्य अक्षरं सरळ समोर दिसत होती. हाडं गोठवणारी. झोप उडवणारी. सगळं जागच्या जागी.

अकरा वाजता कॉलेजच्या दोन मुली आल्या. वाकून काहीतरी वाचलं. एकमेकींना कोपरं मारली.

“ए, पुस्तकं पण उलटी मांडलीयत! कसलं भारी!”

“काका, सत्तावीस?” दुसरीने विचारलं.

“नाही, एकवीस,” काका विनयाने म्हणाले. “या टेबलावर एकवीस झाली. त्याआधी पाठ्यपुस्तकांवर होतो.”

मुली खो खो हसल्या आणि ‘ओला टॉवेल’च्या दोन प्रती घेऊन गेल्या. आपण विनोदी बोलतो, हे काकांना प्रथमच जाणवलं. बारा वाजता एक चष्मेवाला आला. “नऊवालं द्या.” काकांनी गोंधळून घड्याळाकडे पाहिलं. त्याने स्वतःच ‘वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही’ उचललं. दुपारपर्यंत तिघांनी सत्तावीस मागितलं, दोघांनी एकसष्ट, आणि एका बाईंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून “काळजी घ्या हं” म्हटलं. आपल्याला काही आजार झालाय आणि तो फक्त आपल्यालाच माहीत नाही, अशी काकांची खात्री होऊ लागली.

शुक्रवारी नर्सबाई आल्या. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, दर आठवड्याला एक भयकथा संपवणाऱ्या आणि दर आठवड्याला काकांना फैलावर घेणाऱ्या. ‘हाडं गोठवणारी लिहिता, पण सहा वर्षांत माझं करंगळीचं हाड गोठलं नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज त्या कार्डांसमोर वाकल्या आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेल्या.

“भुते,” त्या शेवटी म्हणाल्या, “आज पहिल्यांदा खरं लिहिलंत.”

“खरं? कुठे?”

“इकडे या.”

काका टेबलाला वळसा घालून पुढे आले. आणि एकवीस वर्षांचं पितळ पेन्सिलीच्या अक्षरात ओळीने उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं.

‘ओला टॉवेल’ – पान २७. घरात कुणी आंघोळ केलेली नाही. मिटलं.

‘वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही’ – पान ९. राहतं. मिटलं.

‘चौथी खुर्ची’ – पान १४. माणसं तीन. हिला सांगितलं तर हसली. मिटलं.

‘शिंप्याचं माप’ – पान ६१. माप जुळलं. चहा घेऊन आलो, पुन्हा उघडलं. अजून जुळतंय. मिटलं.

पाचवं ‘दार उघड, मीच आहे’. त्याच्या मुखपृष्ठावर नुसती दाराची कडी होती, आणि ती किंचित उचललेली. ते काकांनी उघडलंच नव्हतं. कार्डाची मागची बाजू कोरी.

काकांचे कान तापले. हात पुढे झाला, कार्ड उलटं करायला. नर्सबाईंनी मनगट धरलं, नाडी बघावी तसं.

“खबरदार! आणि या कोऱ्यावर काही लिहू नका. मी हेच नेतेय. लिहायचीसुद्धा छाती झाली नाही म्हणजे आत काय असेल!”

मागून चपलांचा आवाज आला. बाई. त्यांनी पाचही कार्डं वाचली. उलट बाजूही वाचली. मग पुन्हा ही बाजू.

“काका, हे तुमचं अक्षर?”

“हो, बाई.” आता लपवायला उरलंच काय होतं? काकांना उगाचच हलकं वाटलं, शर्टाने शेवटी उत्तर दिल्यासारखं. “मला भीती वाटते. आधीपासून. तेव्हा हात वर होता तो शब्दकोशासाठी.”

“म्हणजे एकवीस वर्षांत एकही भयकथा पूर्ण नाही?”

“एक केली. विनोदी समजून घेतली होती. आठ दिवस अंगात ताप होता.”

गल्लेवाल्याने गल्ल्याखाली डोकं घातलं. त्याची फक्त पाठ हलताना दिसत होती. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. चाळिसातल्या नऊ प्रती उरल्या होत्या.

“कार्डं अशीच ठेवायची,” त्या म्हणाल्या. “टेबल राहील. तुम्हीही इथेच. पण यापुढे पुढच्या बाजूला काही लिहायचं नाही. कळलं?”

काकांचा जीव भांड्यात पडला. घरी जाताना त्यांनी बायकोसाठी गजरा घेतला नाही, कारण तिला खरं सांगायचं होतं आणि गजरा बघून तिला भलताच संशय आला असता. सांगितल्यावर ती म्हणाली, “बघा. आणि मी दुसरा चमचा शोधून ठेवला होता.”

शनिवारी दुपारी एक वाजता टेबल रिकामं झालं. शेवटची प्रत कोऱ्या कार्डाची गेली, तीही दोघांच्या ओढाताणीत. काका स्टुलावर राजासारखे बसले होते. समोर एकही भूत शिल्लक नव्हतं. एकवीस वर्षांत इतकी निर्धास्त दुपार त्यांनी पाहिली नव्हती.

दारात चौघं जण येऊन उभे राहिले. “सत्तावीस आहे का?” काकांनी आनंदाने “संपलं!” म्हटलं.

बाई केबिनमधून ओरडल्या, “काका, संपलं म्हणून काय सांगताय? मी काल मागवलेले आणखी तीन गठ्ठे खाली येऊन पडलेत. आणा की वर. कळलं?”

कळलं. टेबल वाचलं म्हणून तळघर टळलं होतं, आणि टेबल खपलं म्हणून तळघर आलं होतं. आता रोज येणार होतं. स्वतःच्या यशाने खड्ड्यात पडलेल्या माणसाची एखादी भयकथा लिहिली तर आपण कितव्या पानाला मिटू, याचा हिशेब करत काकांनी तळघराचं दार उघडलं. कठडा दोन्ही हातांनी धरला. एक. दोन. तीन. सातव्या पायरीवर वरचा उजेड संपत होता.

“पायरी सात,” काकांचा आवाज वर आला. “दिवा खालीच आहे. मिटलं!”

दुकान हसलं. गल्लेवाला तर गल्ला सोडून दाराशी आला.

“काका,” बाईंचा आवाज आला आणि या वेळी त्या हसत होत्या, “निम्मं झालंय! आता नका मिटू!”

काकांनी डोळे मिटले, डोळेच फक्त, आणि आठवी पायरी उतरले. मग खाली कुणी असलंच तर त्याचा गैरसमज नको म्हणून मोठ्याने, शक्य तितक्या आदराने म्हणाले, “पुस्तकं न्यायला आलोय. लगेच जातो.”