नवरा गडग्यापलीकडे

मी नवऱ्याला सोडलं असं आमच्या वाडीत सांगतात, ते साफ खोटं आहे. मी त्यांना फक्त गडग्यापलीकडे ठेवलं, आणि तेही कोर्टाच्या हुकमाने. गडगा म्हणजे जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेली कुंपणाची भिंत. आमच्या गडग्याच्या अलीकडे घर, पलीकडे कलमांची बाग आणि बागेत राखणदारासाठी बांधलेली एक खोली. एवढा भूगोल ध्यानात ठेवला की पुढचं सगळं कळेल. सांगताना मी थोडी भर घालते हे खरं, पण मी भर घातली नाही तर आमच्या वाडीत घडतं काय? वर्षाकाठी एखादी म्हैस विते आणि एखादा ट्रान्सफॉर्मर उडतो.

आमचं लग्न मे महिन्यात झालं आणि खाल्लेल्या आंब्यांचे बाठे वाळायच्या आत हे मुंबईला कामावर हजर झाले. कारखान्यात सुपरवायझर होते. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, नि मे महिन्यात आंबे खायला यायचे. आमचा सगळा संसार सणासुदीचा. त्या दिवसांत घरात प्रेमाला एवढी भरती यायची, की भाट्याच्या खाडीचं पाणी चंद्रामुळे चढतं की आमच्यामुळे, यावर मच्छीमारांत दोन तट पडले होते. भांडायला सवडच नसे. एखादं भांडण सुरू केलंच तर गाडीची वेळ व्हायची, आणि पुढच्या सणाला हे येईपर्यंत विषय काय होता ते दोघांनाही आठवत नसे.

मधले सगळे महिने घर माझं होतं. सासूबाईंचं आजारपण, पोरांच्या शाळा, बागेची फवारणी, आंब्याच्या पेट्या भरणं, व्यापाऱ्याशी भाव ठरवणं. माकडांशी बोलणी करायची तीही मीच. माकडांचा म्होरक्या मला बघून अजून शेपूट खाली घेतो.

मग हे रिटायर झाले. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले ते कायमचे. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. घावणे केले, नारळाचा रस केला. आठवडाभर आम्ही नवीन लग्न झाल्यासारखे वागत होतो. मग आठवडा संपला, आणि गाडीची वेळ काही होईना.

कारखाना नव्हता, म्हणून ह्यांनी घराचाच कारखाना केला. जेवायला उशीर झाला की ताटावर चमचा वाजवायचे. त्या आवाजाने कावळेसुद्धा वेळेवर येऊन ओळीत बसायला लागले. एक दिवस मी बाजारातून येते तर मसाल्याचे डबे मुळाक्षरांप्रमाणे लावलेले. ओवा सगळ्यांत पुढे, हाताशी. हळद ह अक्षराची, म्हणून सगळ्यांत वरच्या फळीवर शेवटाला. रोज दोन वेळा लागणारी हळद मी स्टुलावर चढून काढायची आणि वर्षातून कधीतरी पोट दुखलं तर लागणारा ओवा मला येताजाता बघून हसायचा.

तेही मी सोसलं असतं. पण घराच्या मागे एक फणस आहे, माझ्या हाताने लावलेला. त्याची फांदी कौलांवर टेकायला लागली म्हणून मी चढून ती तोडली. हे ओटीवरून उठून आले, तोडलेल्या फांदीकडे बघितलं आणि म्हणाले, "कोणाला विचारून तोडलीस गो?"

माझ्या हातात कोयता होता, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी शांतपणे सांगितलं, "तुम्ही बागेतल्या खोलीत राहा. जेवण हवं तर मी पाठवीन."

हे म्हणाले, "लेखी आहे काय तुझ्याकडे?"

आता हे थट्टा करत होते असं कोणाला वाटेल, पण नाही. ह्यांचा स्वभावच तो. जन्मभर शिक्का मारलेल्या हुकमावर चाललेला माणूस, तोंडी सांगितलेलं ह्यांच्या कानात शिरतच नाही. डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं तर ह्यांनी ते चिठ्ठीवर लिहून शिक्का मारून घेतलं, आणि मगच लोणचं सोडलं. तेव्हा मी ठरवलं की लेखीच आणायचं.

भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीत गेले. वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. माझं सगळं ऐकून म्हणाल्या, "काकू, म्हणजे घटस्फोट हवाय."

"घटस्फोट नको. नवरा राहू दे. फक्त घरात नको."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याला न्यायिक विभक्तता म्हणतात. लग्न मोडत नाही, तुम्ही त्यांची बायकोच राहता. एकत्र राहायची सक्ती तेवढी जाते."

"म्हणजे काटा काढायचा आणि सुरमईची तुकडी ठेवायची."

"साधारण तसंच. पण कारण लागतं, काकू. घटस्फोटाला जी कारणं चालतात तीच इथे. छळ, क्रूरता, असं काहीतरी."

कारणांना काय तोटा? मी सांगितलं की ह्यांच्या घोरण्याने माडावरचे नारळ पडतात आणि बंदरातल्या होड्या मोठं जहाज आलं समजून वळण घेतात. ह्यांच्या शर्टाच्या इस्त्रीला अशी धार असते, की त्यावर बसायला गेलेल्या कावळ्याचा पाय कापला. जेवणाला शिट्टी मारतात. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"काकू, हे शपथेवर द्यायचं असतं."

"घोरणं शपथेवर खरं आहे."

"आणि नारळ?"

"एक पडला."

"घोरण्यामुळे?"

"वारा पण होता."

मग मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "इतकी वर्षं मी सगळं कोणाला न विचारता केलं, कारण विचारायला घरात कोणी नव्हतं. आता माझ्या फणसाच्या फांदीसाठी मला विचारतात, कोणाला विचारून तोडलीस. मला माझ्या घरात पाहुणीसारखं वाटतं. सकाळी उठून स्वयंपाकघरात जायला पाय उचलत नाही."

त्यात मी एका शब्दाचीही भर घातली नव्हती. वकीलबाईंनी ते तसंच लिहून घेतलं. निघताना म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. हुकूम झाल्यावर वर्षभर एकत्र आला नाहीत, तर तुमच्यापैकी कोणीही घटस्फोट मागू शकतं. तुम्ही मागू शकता, तसे तेही."

"ते कशाला मागतायत," मी म्हटलं आणि हसले. तेव्हा हसले.

घरी नोटीस आली तेव्हा ह्यांनी आधी शिक्का बघितला आणि मग मजकूर वाचला. त्या दिवशी ताटावर चमचा वाजला नाही.

बातमी वाडीभर झाली. थोरल्या जाऊबाई विहिरीवर गाठ पडताच म्हणाल्या, "काय गो, नवऱ्यावर केस घातलीस म्हणे?"

"घातली. तुम्हाला हवी तर सांगा."

जाऊबाईंनी कळशी भरली, डोक्यावर घेतली, चार पावलं गेल्या आणि परत वळल्या. "कुठे बसतात गो त्या वकीलबाई?"

तारखेला आम्ही दोघं एकाच एसटीने गेलो. दुसरी गाडी होती कुठे? हे खिडकीपाशी मला बसवून स्वतः बाहेरच्या बाजूला बसले, नेहमीसारखे. कोर्टाच्या दारात वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी आधी सांगितलं, बाहेर बसून एकदा दोघं बोलून घ्या. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. बारा वाजून गेले होते, म्हणून मी डबा उघडला. ह्यांनी दोन चपात्या खाल्ल्या आणि भाजीत मीठ बरोबर आहे म्हणाले. तेवढंच बोलणं झालं. डबा पुसून आम्ही परत आत गेलो.

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "घटस्फोट का नको तुम्हाला?"

उत्तर मी घरूनच तयार करून नेलं होतं. "साहेब, शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. आमच्या अंगणात आली की तिची ओटी ह्या घरची सून भरते, म्हणजे मी. घटस्फोट झाला तर मी कोण, शेजारीण?" बोलण्याच्या भरात मी चमच्याची पुन्हा शिट्टी केली, आणि ती भाट्याच्या पुलापर्यंत ऐकू जाते असंही सांगितलं.

"म्हणजे पालखीसाठी?"

"हो." मग मला राहवलं नाही. "आणि मला हे आवडतात, साहेब. थोडे लांबून."

हे छताच्या पंख्याकडे बघत होते. न्यायाधीशांनी ह्यांना विचारलं, "तुमचं म्हणणं?"

हे सरळ उभे राहिले, शर्ट नीट केला. "तिने लिहिलंय ते बरोबर आहे, साहेब. माझी हरकत नाही. फक्त शिट्टी नव्हती. चमचा होता."

त्यानंतर तारखा पडत गेल्या आणि शिमगा सरल्यावर हुकूम झाला. शिक्का चांगला ठसठशीत होता. ह्यांनी त्याच दिवशी ट्रंक उचलली, गडग्यातलं बांबूचं फाटक लोटलं आणि गडग्यापलीकडे राहायला गेले. मी हळद खाली आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पायरीवर एकटी बसून कोरा चहा प्यायले. त्या चहाची चव मी सांगायला लागले तर तुम्ही म्हणाल ही बाई पुन्हा वाढवून सांगते, म्हणून सोडून देते.

माझा अंदाज एका बाबतीत चुकला. मला वाटलं होतं चार दिवसांत हे माशाच्या वासाने फाटकाशी येतील. पण ह्यांनी हुकूम माझ्यापेक्षा जास्त पाळला. एक पाऊल आत नाही. मी तव्यावर बांगडे टाकायची, धूर मुद्दाम बागेकडे हाकायची. पलीकडून ह्यांची करपलेली खिचडी मला उलट वास द्यायची. शेवटी मी कालवणाचं पातेलं गडग्यावर ठेवायला लागले. संध्याकाळी ते घासून पुसून तिथेच उपडं घातलेलं असायचं. कधी खाली चार कैऱ्या, कधी अबोलीची फुलं, देठ एका मापाने खुडलेले. गणपती थोरल्या दिरांकडे असतो, तिथे एका पंगतीत जेवलो आणि दोन वाटांनी घरी आलो. घोरणं मात्र लांबून गोड लागत होतं.

असं वर्ष सरत आलं, आणि जाऊबाई मुद्दाम चालत आल्या. "आमच्या ह्यांनी तुझ्या नवऱ्याला बघितलं हो काल. वकीलबाईंच्या ऑफिसातून बाहेर पडत होता. वर्ष होत आलं ना गो?"

त्या दिवशी मी आमटीत मीठ दोनदा घातलं. वकीलबाईंचे शब्द आठवत होते: कोणीही मागू शकतं. घर माझं होतं, हळद हाताशी होती, फणसाला कोणाला न विचारता मी आणखी दोन जागी छाटलं होतं. आणि अबोलीची फुलं बंद झाली तर काय, ह्या विचाराने सुपातले तांदूळ नीट निवडता येईनात. वकीलबाईंना फोन करून विचारता आलं असतं. धीर झाला नाही.

पालखी आमच्या वाडीत यायची होती त्याच्या आदल्या दिवशी मी गडग्याशी गेले. हे कलमाखालचा पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, गोळा करत होते.

"उद्या पालखी येते. तुम्ही याल ना?"

"हुकमात पालखीचं काही लिहिलेलं नाही," हे म्हणाले, मान वर न करता.

मी घरात आले. कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: पालखीला घरी हजर राहावे. खाली सही केली. मग देवघरातल्या करंड्यात अंगठा बुडवला आणि सहीशेजारी कुंकवाचा शिक्का मारला. कागद गडग्यावर ठेवून त्यावर पातेलं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ढोल वाडीच्या तोंडाशी वाजायला लागले आणि हे फाटकात उभे. इस्त्रीचा शर्ट, खिशात घडी केलेला कागद. पालखी अंगणात आली तसे हे पुढे झाले, खांद्यावर घेतली आणि असे नाचले, की अंगणाची जमीन तिथे वीतभर खचली. शंका असेल त्याने येऊन बघावं. मी ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ. देवीपुढे गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालणाऱ्याने ह्या घरच्या धन्याला आणि धनिणीला सुखी ठेव म्हटलं, सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं. होय म्हणताना जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी पालखीकडे बघितलं.

पालखी पुढच्या घरी गेली. अंगणात गुलाल आणि आम्ही दोघं राहिलो. मी खोबऱ्याचा तुकडा ह्यांच्या हातावर ठेवत विचारलं, "वकीलबाईंकडे गेला होतात म्हणे."

"गेलो होतो."

"कशाला?"

"वर्ष झाल्यावर हुकूम आपोआप संपतो काय, ते विचारायला. त्या म्हणाल्या, संपत नाही, चालू राहतो." खोबरं चावून झाल्यावर म्हणाले, "घटस्फोट हवा काय, असंही विचारलं त्यांनी."

"मग?"

"म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय. त्यात काही बदल करायचा तर आधी हिला विचारावं लागेल."

एवढं बोलून हे फाटकातून पलीकडे गेले. मी अंगण झाडायला घेतलं, आणि एकच जागा बराच वेळ झाडत राहिले.

सकाळी मी मागच्या पायरीवर चहा घेऊन बसले होते. फाटकाचा बांबू वाजला. हे बाहेरच थांबले होते, हातात अबोलीची फुलं.

"आत येऊ काय गो?"

माझा चहा अर्धा राहिला होता. तो मी सावकाश संपवला. मग म्हटलं, "या."