अनध्यायातील संथा

ज्याच्या डमरूतून अक्षरे निघाली, त्या आमच्या कुलस्वामी वेळणेश्वरास वंदन करून, आज गुरुपौर्णिमेच्या निमित्ताने, मी कधीही न भेटलेल्या एका गुरूचे स्मरण लिहीत आहे.

माझी सून लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. पदविकेनंतर दहा वर्षांनी तिने अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश घेतला. भौतिकशास्त्राचा प्राथमिक पेपर सुटला नाही, तर प्रवेशच रद्द होणार होता. दुपारी कंपनीच्या बसमधून उतरली की ती मोबाइलवर एका सरांचे चित्रमुद्रित पाठ लावी. "मामंजी, ऐकते, पण डोक्यात राहत नाही," ती म्हणाली. मला शिकवण्याची एकच रीत ठाऊक, संथेची. गुरूने एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा.

आम्ही तसे बसू लागलो. विचित्र हे, की सर प्रत्येक नियमानंतर नेमके दोनदा म्हणण्याइतकेच थांबत. "बाह्य बल नसेल, तर गतीतली वस्तू गतीतच राहते," असे म्हणून ते किंचित डावीकडे पाहत. तिथे माझा पाट असे. मी पाट उजवीकडे घेतला. पुढच्या पाठात ते उजवीकडे पाहू लागले.

"अहो, फळा हलवलाय त्यांनी," सून हसली.

पेपर दोन दिवसांवर असताना तिने पाठाखालचे अभिप्राय वाचले आणि मोबाइल खाली ठेवला. "मामंजी, सर गेलेत. दोन वर्षं झाली."

गुरू निवर्तल्याचे कळले की तीन दिवस अनध्याय, म्हणजे अध्ययन बंद. आमच्या घरी हा नियम कधी मोडला नव्हता. मी तसे सांगितले.

"परवा पेपर आहे माझा! आणि इतके दिवस तेच शिकवत होते ना? तेव्हा नाही लागला अनध्याय?"

"कळल्यापासून लागतो."

डोळे भरले, पण तिने वही मिटली. मोबाइल तसाच चालू राहिला होता. पुढचा पाठ आपोआप सुरू झाला. "थांबायचं नाही. उरलेलं आजच संपवू," सर म्हणाले, आणि थांबले.

गुरूची आज्ञा नियमाहून थोर.

"उघड वही," मी म्हणालो.

पेपर सुटला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी सरांसाठी तर्पणास बसलो. गोत्र ठाऊक नसले की काश्यप धरतात. तसे धरून पाणी सोडले. ओंजळ रिकामी होत असताना माजघरातून त्यांचा आवाज येतच होता. सून पुढचे पाठ ऐकत होती.

वाचकहो, तुमच्या घरी शिकणाऱ्यास धीर आणि शिकवणाऱ्यास दीर्घायुष्य लाभो. तुमच्या कुटुंबावर शंभूची कृपादृष्टी अखंड राहो.