आईच्या पानातली आंबट आमटी

कोमट पाण्यात चिंच कोळताना जो वास येतो, त्याने मला अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं आमचं दोघींचं स्वयंपाकघर आठवतं. ऐंशीच्या दशकातला हिवाळा होता. तिकडे गावी आई वारली होती आणि मला जाता आलं नव्हतं. तेराव्याला तिच्या नावाने पान ठेवायचं म्हणून मी आमटी करत होते. शेजारी माझी फिलिपिनो रूममेट माशाचं आंबट कालवण ढवळत होती. माझ्या हातातला चिंचेचा कोळ पाहून ती थांबली. "आमच्याकडे फ्रिज नव्हते तेव्हापासून सगळ्यात व्हिनेगर, नाहीतर चिंच. अन्न टिकतं आणि भुतं फिरकत नाहीत. म्हणून मेलेल्यांच्या ताटात आजी आंबट घालू द्यायची नाही. तुझी आई दारातूनच परत जाईल." "बिनचिंचेची आमटी ठेवली तर आल्याआल्या मलाच बोलेल," मी म्हणाले. ती हसली, पण तिनेच खिडकी उघडून दिली. मी कोळ घातला आणि पान बाहेरच्या बर्फाळ कठड्यावर ठेवलं. समोरच्या झाडावर कावळे होते. एकही खाली उतरला नाही. अंधार पडेपर्यंत आमटी गोठून गेली. आता वाटतं, मेल्यावर माणसाच्या आवडीनिवडी बदलत असतील तर?