मी दिलेली तिथी

माझ्या कादंबरीत भूत आहे. दुसऱ्या महायुद्धातली इटली, धुक्यातली नदी, पलीकडे जर्मन; आणि मेलेला एक मराठा शिपाई आपल्या पलटणीतल्या पोरांना पाण्यातून उतार दाखवतो. तो शिपाई म्हणजे माझे आजोबा. ते इटलीत बेपत्ता झाले तेव्हा बाबा तीन वर्षांचे होते. पुढे काय झालं ते कुणीच कळवलं नाही. आजी शेवटपर्यंत कुंकू लावत होती. ती गेल्यावर बाबा आजोबांचं श्राद्ध सर्वपित्री अमावस्येला करू लागले, तिथी माहीत नसलेल्यांचं करतात तसं.

कादंबरीत मला काळोख हवा होता. म्हणून मी आजोबांना कार्तिक वद्य त्रयोदशीला मारलं.

बाबा तेव्हा इथे परदेशात, टाकानिनीला आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी पुस्तक दोनदा वाचलं. भुताबद्दल काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "ही तिथी तुला इथल्या लायब्ररीतल्या कागदांत सापडली ना?" इटलीत लढलेल्या इथल्या सैनिकांची जुनी पत्रं मी तिथे महिनोन्महिने वाचत बसायचो, ते त्यांना ठाऊक होतं. मी "हो" म्हणालो. त्यांना बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे माझ्या लिखाणावर कुणी इतका विश्वास ठेवला, हे मला आवडलं होतं.

त्यानंतर बाबांनी सर्वपित्रीला करणं सोडलं. कार्तिकात बायको खीर आणि वडे करायची, बाबा पान मागच्या कुंपणावर ठेवायचे. इथे कावळा नाही. काळापांढरा मॅगपाय पक्षी यायचा. "इथले कावळेसुद्धा अर्धे गोरे," असं म्हणून बाबा चालवून घ्यायचे.

यंदा, तिसऱ्या वर्षी, तोही आला नाही. बाबा तासभर वाऱ्यात उभे राहिले. कावळा शिवला नाही की घरच्यांनी हात जोडून, राहिलेली इच्छा पुरी करू असा शब्द द्यायचा असतो.

"काहीतरी राहिलंय त्यांचं," बाबा म्हणाले. "तू बोल. तूच शोधलंस त्यांना."

मी हात जोडले, पण शब्द कसला देणार?

"बाबा, ती तिथी मी मनानेच लिहिली. कुठल्या कागदात नव्हती."

त्यांनी कुंपणाचा आधार घेतला. "म्हणजे तीन सर्वपित्री चुकवल्या आपण त्यांच्या."

मी जोडलेले हात खाली घेतले.

"आणि नदीवर पोरांना वाट दाखवतात, तेही तुझंच?"

"हो."

त्यांनी वाऱ्याने सरकलेलं पान सारखं केलं. "ते असू दे. तिथी खोड."

आत जाऊन त्यांनी स्वतःची प्रत आणि पेन आणलं. मी कुंपणावर पुस्तक टेकवून ती ओळ खोडली आणि तिथे काय लिहू म्हणून विचारलं.

"काही नको," बाबा म्हणाले. "पान आत घे. सगळं गार झालं."